होडीतली मागची जागा

७ एप्रिल

पोहोचलो एकदाचा. बस ज्या चौकात सोडते तिथूनच नदी दिसते, आणि सगळं गाव तिच्याकडे तोंड करून बसलेलं आहे, फोटो काढायला बोलावल्यासारखं. साप्ताहिकाचं कार्यालय तळमजल्यावर, माझी खोली वर. एक पलंग, एक टेबल, भिंतीला अकरा खुंट्या. माझ्याकडे शर्ट चार.

संपादक माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. इस्त्रीच्या शर्टाखाली पोहायची चड्डी, अशा थाटात त्याने माझं स्वागत केलं. काम सांगितलं: गावातल्या करमणुकीवर दर आठवड्याला एक पान. वल्हवणं, पोहणं, काठाकाठाने सायकलचा रस्ता, पलीकडच्या टेकडीवर चढायच्या पाच वाटा, तंबू ठोकायचं मैदान, गळ टाकून बसायला बाकं. सदराचं नाव ‘उघड्यावर’ ठेवू म्हणाला. मी हात जोडले. ‘मोकळ्या हवेत’वर तडजोड झाली. एवढं सगळं असताना गाव काम कधी करतं, असं विचारलं, तर म्हणाला, पाऊस पडला की.

संध्याकाळी मुलीचा फोन. जूनच्या मध्यावर तिचं बाळंतपण. तिची आई असती तर माझी आठवण कोणाला झाली असती म्हणा. पण ती जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा राखीव खेळाडू म्हणून मी. बाबा, एक जूनला बसमध्ये बसायचं, ‘बघू’ चालणार नाही, असं तिने बजावलं. मी ‘तथास्तु’ म्हटलं. तिने ते फेटाळलं आणि मराठीत ‘हो’ वदवून घेतलं.

११ एप्रिल

धक्क्यावर गेलो. होड्या भाड्याने देणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात; वय साठीच्या पुढे, दंड माझ्या मांडीएवढे. होड्या सगळ्या दोघांच्या. पुढचा नुसता वल्हवतो, मागचा वल्हवतो आणि दिशाही देतो. एकट्यासाठी लहान होडी नाही का, विचारलं. ताई म्हणाल्या, ती कशाला लागते?

एक गंमत पाहिली. एकटा माणूस आला तरी वहीत ‘किती जण’ या रकान्यात ‘दोन’ लिहितात. मग ताई मागची बैठक कोरड्या फडक्याने पुसतात, पाहुणा यायचा असल्यासारखी, आणि माणूस पुढे बसून निघतो. विचारलं तर पद्धत आहे म्हणाल्या. संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन असतं. मराठीने ते अडगळीत टाकलं, या गावाने उचलून घरी आणलं.

आणखी एक नियम: मागे वळायचं नाही, होडी कलते. मला पोहता येत नाही, त्यामुळे हा नियम मला ताबडतोब पटला.

१६ एप्रिल

आज वल्हं हातात धरलं. वहीत माझ्या नावापुढे ताईंनी दोन लिहिले. मी आयुष्यात काहीही सरळ चालवलेलं नाही, सायकल नाही की संसार नाही. होडी मात्र रुळावर ठेवल्यासारखी चालली. वळणावर मी घाबरून वल्हं वर उचललं, तरी ती सुबक वळली.

परत आल्यावर ताईंनी हात देऊन उतरवलं. मागची बैठक ओली होती. पाणी उडालं असेल.

२५ एप्रिल

हे लिहू की नको, दोन दिवस विचार केला. पण रोजनिशीत खोटं लिहायचं तर वर्तमानपत्र काय वाईट?

मागे कोणी गुणगुणतं. सूर सोडून, तिसऱ्या ओळीला हमखास अडखळून. असं गाणारी बाई या जगात एकच होती. सव्वीस वर्षं मी तिला म्हणायचो, गाणं ओळखू आलं की सांगतो. आज मी चकार शब्द काढला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी वल्हवत होतो. मग मागून घसा खाकरल्याचा आवाज. वाद सुरू करायच्या आधी ती खाकरायची तसाच. आणि हलकेच, ‘अहो पंडित, वल्हं आहे ते, पळी नव्हे.’

मी हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा आवाज करून हसलो.

वळलो नाही.

५ मे

रोज जातो. सदराचं पान कसंबसं भरतो. संपादकाची तक्रार नाही, तोही सकाळ-संध्याकाळ नदीवरच असतो. धाकट्या भावाबरोबर, म्हणाला. कार्यालयात त्याच्या भावाचा फोटो आहे, फोटोला हार आहे. या गावात कोणी कोणाला विचारत नाही.

काल मुलीचा फोन होता. जावई कामावरून उशिरा येतो म्हणून कुरकुरत होती. फोन ठेवल्यावर विचार करत बसलो, जावई काम काय करतो? बँकेत? शाळेत? लग्नात मी त्याच्या व्यवसायावर चांगले तीन विनोद केले होते. विनोदही आठवेनात. वय झालं.

१४ मे

या आठवड्यात ‘आमचे पाहुणे’ असं पान करावं म्हणून गाव फिरलो. पाहुणे नाहीत. तंबूंच्या मैदानात सगळे गावचेच. टपालवाला मला पाहून उभा राहिला. म्हणाला, बाहेरून पत्र येणारे तुम्हीच एकटे. मुलीने जुने फोटो पाठवलेत. एका फोटोत मी एका लहान मुलीला खांद्यावर घेऊन उभा आहे. खेळकर पोर दिसते. कुठली जत्रा ही?

नदीवर तीन तास. ती हसली.

२२ मे

दोनदा फोन वाजला. कोणी मुलगी, बोलायला गोड, मला एकेरीत हाक मारत होती. बस, तिकीट, डॉक्टर असलं काही विचारत होती. मी नम्रपणे सांगितलं की बहुधा नंबर चुकलाय. पलीकडून उत्तर आलं, बाबा, थट्टा पुरे.

विचित्र वाटलं. नदीवर गेलो, बरं वाटलं.

२६ मे

आज वारा होता म्हणून ताईंनी होड्या सोडल्या नाहीत. हाताला काम नाही म्हणून ही वही पहिल्या पानापासून वाचली.

माझी मुलगी. माझी एकुलती एक मुलगी. तिला म्हटलं मी, नंबर चुकलाय!

लगेच फोन लावला. रडलो, माफी मागितली. तब्येत बरी नव्हती असं सांगितलं. तीही रडली, मग तिने दरडावलं: एक तारीख, बाबा.

दुपारी ताईंकडे गेलो. ओरडलो त्यांच्यावर. त्या जाळं विणावं तशा शांतपणे बोलत राहिल्या. होडीत दोघांचीच जागा असते, म्हणाल्या. गेलेलं माणूस मागे येऊन बसलं की मनातल्या दुसऱ्या कोणीतरी उठायचं. त्यांनी कपाटातून बावीस वर्षांपूर्वीची वही काढली. तेव्हा धक्क्यावर मोठी होडीही असावी; त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती: ‘रविवारी तिन्ही मुलं येणार, मोठी होडी राखून ठेवणे.’ कोणाची मुलं ते काही केल्या आठवत नाही, म्हणाल्या. आली होती म्हणे. धक्क्यावर उभं राहून रडली आणि गेली.

आणि त्या हसल्या. वाईट वाटायचं, म्हणाल्या, पण कशाचं वाईट वाटायचं तेच आठवत नाही.

२८ मे

दोन दिवस नदीवर गेलो नाही. खिडकी लावून घेतली तरी गुणगुणणं ऐकू येतं. तिसऱ्या ओळीला अडखळणं सुद्धा.

एक गोष्ट मनातून जात नाही. दवाखान्यातल्या शेवटच्या महिन्यात ती माझ्याबद्दल एक शब्द विचारत नसे. फक्त पोरीबद्दल. पोरगी जेवली का, पोरगी रडते का, तिला रागावू नका. शेवटचा शब्दही तोच.

होडीत महिनाभर आम्ही बोलतोय. माझ्या वल्हवण्याबद्दल, माझ्या ढेरीबद्दल, माझ्या संस्कृताबद्दल.

पोरीबद्दल तिने एकदाही विचारलेलं नाही.

मग मागे बसतं ते कोण?

३१ मे, सकाळ

सामान बांधलं. चार शर्ट. बस उद्या आठला.

पण असं न सांगता कसं जाऊ? ती नसेल, तर मला कळायला हवं. ती असेल, तर तिला कळायला हवं की आजी होणार आहे. एकदाच. विचारतो आणि येतो. विसरू नये म्हणून तळहातावर शाईने लिहून घेतलंय: मुलगी. बाळ. उद्या आठ.

३१ मे, दुपार

आलो. बाही कोपरापर्यंत ओली. तळहातावर निळा डाग आहे, अक्षर लागत नाही.

काहीतरी विचारलं मी, महत्त्वाचं. मागचं वल्हं थांबलं. पाणी अगदी गप्प झालं. मग कानाशी, फार प्रेमाने — ‘कोणती मुलगी, पंडित?’

खरंच. कोणती?

१ जून

पलंगावर बांधलेली बॅग आहे. कोणाची कोण जाणे. शर्ट मला बसतात — खुंट्यांवर लावले.

नदी छान.

९ जून

फोन वाजतो. वाजत राहतो. संपादक म्हणाला, वायर काढून ठेवा, सगळे ठेवतात.

काढली.

१८ जून

टपालवाल्याने तार आणून दिली. ‘मुलगी झाली. दोघी सुखरूप. तू कुठे आहेस?’

कोणाचं तरी चांगलं झालं. आनंद वाटला. पत्ता चुकलाय — परत न्या म्हटलं.

मग उगाच जिन्यात बसून राहिलो. का ते —

६ जुलै

एक बाई आली आहे. तरुण, डोळे सुजलेले, कडेवर तान्हं. धक्क्यावरून मला हाताला धरून खोलीवर आणलं. चांगल्या घरची वाटते, दुखावू नये म्हणून मी आलो. खाली होडी —

तिने ही वही शोधून काढली. पहिलं पान वाच म्हणाली. वाचलं. म्हटलं, बरं लिहिलंय. पण या मुलीला कोणीतरी कळवायला हवं हो, तिचा बाप बसमध्ये बसला नाही.

ती रडते आहे. मलाही रडू येतंय. कशाचं —

तान्हं माझ्या मांडीवर ठेवलंय. उबदार आहे. खिडकीखाली गुणगुणणं. तिसरी ओळ. जायला हवं. बाळाने करंगळी धरली आहे. सोडत नाही.

ती म्हणते, शाळेच्या प्रत्येक वहीवर तूच लिहायचास, बाबा. बारा वर्षं. डोक्याला नसेल तर हाताला आठवेल. लिही माझं नाव. लिही, मग जा हवं तर.

खालून घसा खाकरल्याचा आवाज.

लिहितो. पेन टेकवलंय. हात हलतो आहे — आपोआप — तिचं नाव