पाच पायांचा नाकतोडा

बाई, सोमवारी आपल्या शाळेत तुमच्या नावाचा वाचनकोपरा सुरू होतोय. त्याच्या भिंतीवर मी काढलेला नाकतोड्याचा फोटो लागलाय, खाली तुमच्या नावाची पाटी बसायची तेवढी बाकी आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. ज्या वर्गात तुम्ही मला शिकवलंत, त्याच वर्गात आता मी शिकवते. पोरं मला मॅडम म्हणतात. बाई म्हणवून घ्यायची हिंमत मला कधी झाली नाही आणि या फोटोनंतर ती होणारही नाही.

सहावीतला तो दिवस आठवतो. तुम्ही वसमतहून एसटीनं यायचात आणि विज्ञानाचा तास बांधावर घ्यायचात. पदर खोचून हळदीच्या कडेला उकिडव्या बसायचात. "सावली पडू देऊ नका त्याच्यावर," एवढंच हळू आवाजात सांगायचात. नाकतोडा बघायचा, हात लावायचा नाही आणि दिसेल तसा वहीत काढायचा. मला कुठला तेवढा दम? मी झडप घातली. तो निसटून दोन हात लांब जाऊन बसला आणि त्याचा मागचा मोठा पाय माझ्या चिमटीत राहिला. तो पाय अजून हलतोय आणि मी मोठ्यानं रडतेय. तुम्ही ओरडला नाहीत, जवळही घेतलं नाहीत. "पाय तोडलास, आता वहीत जोडू नको. राहिले तेवढेच काढ," म्हणालात. मी पाच पाय काढले. आठवड्यानं हेडमास्तर वह्या बघायला आले आणि माझ्या वहीपाशी थांबले. "नाकतोड्याला पाच पाय? काय शिकवून राहिल्या बाई तुमी?" साऱ्या वर्गासमोर विचारलं. तुम्ही शांतपणे वही त्यांच्या हातून घेतलीत. "सर, ह्याला पाचच होते. पोरीनं बघून काढलंय." त्या संध्याकाळी एसटीत चढण्याआधी तुम्ही तुमचं भिंग मला देऊन टाकलंत. त्याची मूठ आता सैल झालीय, सुतळी गुंडाळून वापरते.

गेली काही वर्षं दर रविवारी मी किड्यांचे फोटो काढायला मोबाइल घेऊन त्याच बांधावर पालथी पडलेली असते. येणारे-जाणारे विचारतात, "मॅडम, काही हरवलं का?" पण या कार्यक्रमासाठी चांगला फोटो हवा होता आणि दिवस थोडे होते. पाच दिवस रोज सकाळी गेले. हल्ली फवारणीमुळं नाकतोडेच कमी, त्यात जो दिसेल तो मी टेकेपर्यंत उडायचा. सहाव्या दिवशी मी एक पकडला, स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. गारठला की किडा हलत नाही, हे कुठंतरी पाहिलं होतं. अर्ध्या तासानं काढला, तर त्याचा मागचा एक पाय झाकणाच्या कडेत तुटून अडकलेला. मी त्याला हळदीच्या पानावर ठेवलं, पान फिरवलं आणि धड पायाच्या बाजूनं फोटो काढला. फोटो सुरेख आला, बाई. मिशा कशा रेघेसारख्या दिसतात! नंतर मी त्याला बांधावर सोडून आले, तो जगला का ते बघायला थांबले नाही. गावातली मोठी माणसं फोटो बघून म्हणाली, "बाईच डोळ्यांसमोर आल्या." मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

काल मी सहावीला तो फोटो बघून चित्र काढायला लावलं. पुढच्या बाकावरची एक पोरगी, फार बारीक नजरेची, पेन्सिल थांबवून म्हणाली, "मॅडम, तिकडचा मोठा पाय दिसूनच नाही राहिला. काढू का?" खरं सांगायला तेवढीच एक घटका होती. तुम्ही माझ्यासाठी हेडमास्तरांसमोर उभ्या राहिला होतात आणि मला अकरा वर्षांच्या पोरीसमोर उभं राहता आलं नाही. "काढ," मी म्हणाले.

हे पत्र मी भिंगाखाली घडी करून ठेवीन, कुणाला दाखवणार नाही. पाटी बसायच्या आत तो फोटो उतरवायला हवा हे मला कळतं. पण तुम्हाला सांगायचं होतं ते याहून लहान आहे. त्या पोरीची वही अजून माझ्याकडे आहे. तिनं सहा पाय काढलेत आणि खाली मी लाल शाईनं 'बरोबर' लिहून बसलेय. ते खोडायचं तर आधी तिला कारण सांगावं लागेल.