चाळीस मिनिटांची पत्रं

४ जुलै

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आईला जाऊन उद्या दोन महिने होतील. फोनवर तू बरं आहे यापलीकडे काही बोलत नाहीस, म्हणून पत्रच लिहिते.

प्रयोगशाळेत मला आईचंच टेबल दिलंय. तिची खुर्ची उंच आहे, माझे पाय अधांतरी राहतात. तरी तशीच ठेवलीय.

तिचं शेवटचं काम अडकलंय. गोगलगायीच्या एका चेतापेशीला ती विजेचा बारीक धक्का द्यायची आणि पेशी किती वेळा उत्तर देते ते मोजायची. मग सेरोटोनिनचा थेंब घालून पुन्हा तोच धक्का. मग पेशी खारट पाण्याने धुवायची, चाळीस मिनिटं थांबायचं आणि तिसऱ्यांदा मोजायचं. पेशी पहिल्यासारखी शांत झाली, तरच तो बदल सेरोटोनिनने केला असं म्हणता येतं. घाई केली की सगळं वाया. आईच्या वहीत शेवटच्या नऊ पेशींपुढे तारीख आणि ‘धुतलं, थांबले’ एवढंच आहे. किती वेळ थांबली, ते नाही. आठवीवर तर काट मारलीय, कारण न लिहिता.

प्रयोगशाळेचे सर म्हणाले की त्यांचा आईवर विश्वास आहे, पण शोधनिबंध विश्वासावर छापला जात नाही. महिनाअखेरपर्यंत पुरावा मिळाला नाही तर त्या पेशी गाळायच्या. त्या गाळल्या तर आईच्या निबंधात काही उरत नाही.

तू तरी काय करणार, पण सांगायला दुसरं कोण आहे? तब्येतीला जप, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

९ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, पत्र दोनदा वाचलं. चष्मेवाल्याला चेतापेशीतलं काय कळणार, असं ताई म्हणायची आणि मग समजावून सांगत बसायची. मी एकदा पेपरात वाचून सेरोटोनिनला आनंदाचं रसायन म्हटलं, तर रागावली. म्हणाली, पेशीच्या पापुद्र्यात बारीक दारं असतात, त्यांतून पोटॅशियम बाहेर झिरपतं, म्हणून ती स्वस्थ राहते. सेरोटोनिनमुळे त्यातली काही दारं मिटतात. मग ज्या धक्क्याला पेशी एकदा उत्तर द्यायची, त्यालाच पाचदा देते. आणि दुसऱ्या एखाद्या जातीच्या पेशीत हेच सेरोटोनिन दारं उघडतं, आणि ती पेशी गप्प होते. धक्का तोच, पेशी किती तयार आहे ते मात्र बदलतं. मला हे फार आवडलं होतं. तिला तसं कधी बोललो नाही.

आता कामाचं. ताई मला दर आठवड्याला हाताने पत्र लिहायची. वर कोपऱ्यात वेळ, आणि शेवट कायम अर्धवट. गुडघ्याचं सांगता सांगता ‘पुरे, बारा चाळीस’ आणि सही. मला ते लागायचं. वाटायचं, भावासाठी हिच्याकडे एवढाच वेळ.

काल तिच्या पत्रांचा डबा उघडला. शेवटच्या नऊ पत्रांत पहिलीच ओळ पेशीची आहे: आज पाचवी धुऊन ठेवली, आज सहावी धुऊन ठेवली. ती ओळ सोडून मी घरच्या बातम्या वाचायचो. वरच्या आणि खालच्या वेळेत चाळीस मिनिटं, एकात त्रेचाळीस. आठव्या पत्रात सव्वीसच आहेत. ‘फोन वाजतोय, तुझाच असणार’ लिहून ती उठलेली दिसते. फोन माझाच होता. याने तुमचं काम बिघडेल, पण ते पत्र काढून घेणं मला बरं वाटेना.

मूळ पत्रंच पाठवतोय. सातव्यात माझ्या टकलाची चेष्टा आहे, ती सरांना दाखवलीच पाहिजे का ते बघ. पत्रं परत मिळाली तर बरं.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे, तो राहीलच.

तुझा,
मामा

२१ जुलै, अकरा दहा

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आज दहावी धुऊन ठेवली.

नऊही पत्रांच्या तारखा वहीशी जुळल्या. सरांनी आठवं पत्र वहीतल्या आठव्या नोंदीशेजारी ठेवलं. म्हणाले, ज्या एका दिवशी ही बाई लवकर उठली, त्याच दिवसाची पेशी तिने स्वतः खोडली. बाकीच्यांबद्दल आता कोण काय विचारणार. आठ पेशी राहिल्या. निबंध आईच्याच नावाने जातोय. तुझ्या फोनचे आभार मानायला सांगितलेत. टकलावर ते मनापासून हसले, माफ कर. पत्रं उद्या टपालाने निघतील.

निबंधातली आईची आकृती मी रोज बघते. आधी एक टोक, म्हणजे पेशीचं एक उत्तर, सेरोटोनिननंतर पाच, धुतल्यावर पुन्हा एक. आठही वेळा. इतकं स्वच्छ काम मला कधी जमेल, माहीत नाही. खुर्ची आज दोन बोटं खाली घेतली, आणि बसल्यावर वाटलं की

पुरे, अकरा पन्नास.

भिंगरी

२७ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्रं पोचली, मोजून डब्यात ठेवली. तुझंही त्यांतच ठेवलंय. या वेळी कोपऱ्यातली वेळ आणि पहिली ओळ आधी वाचली. पत्र मध्येच तुटलं, बरं वाटलं.

खुर्चीवर बसून काय वाटलं ते अकरावीच्या वेळी लिही. अकरा ते बारा मी फोन करणार नाही.

तुझा,
मामा