पाण्याची रेघ

४ ऑगस्ट
पोचले! गणपतीपुळ्याच्या रस्त्याला, सड्याच्या उघड्या कातळावर महिपतकाकांची भट्टी. मागे घर, त्यातली समुद्राकडची खोली माझी. काका हाताने सुऱ्या घडवतात; मुंबईचे शेफ महिनोन्‌महिने थांबून घेतात. सांगलीला आम्लाने सर्किट बोर्ड कोरण्यात माझी चार वर्षं गेली, म्हणून आम्लाचं काम माझ्याकडे. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं, दोनदा भात घेतला. बकुळाकाकू आतल्या खोलीत असतात. संधिवातामुळे उठवत नाही, काका म्हणाले.

६ ऑगस्ट
पहिलं पातं केलं. काका पाठीवर मातीचा लेप देऊन पातं तापवतात आणि हौदातल्या तेलात विझवतात. धार कडक होते, पाठ मऊ राहते. मग मी ते आम्लात, म्हणजे फेरिक क्लोराईडमध्ये बुडवते. धारेकडचा भाग काळवंडतो आणि मधोमध धुक्यासारखी रेघ उठते. काका तिला पाण्याची रेघ म्हणतात. बघतच राहावं अशी! फक्त हातमोजे घातलेले त्यांना चालत नाहीत. "उघड्या हातानं धर गो बाय, तरच उठते ती."

११ ऑगस्ट
बोटांची टोकं राखाडी झालीत. सांगलीला पिवळी पडायची, तसंच असेल. पण चहाचा कप गरम आहे की गार, ते बोटांना कळलं नाही.

१४ ऑगस्ट
राखाडी रंग दुसऱ्या पेरापर्यंत आलाय. कडेला तशीच धुक्यासारखी रेघ. बोट ताटाला लागलं, खणकन वाजलं. काकांना दाखवलं. त्यांनी माझा हात उजेडात धरला आणि छान उठलीय म्हणाले.

१५ ऑगस्ट
पहाटेच पळाले. सांगलीची एसटी हातखंब्याला आली तेव्हा बोटांवर तांबूस भुकटी दिसली. साखरप्याला गंज मांसापर्यंत गेला. डॉक्टरांच्या मलमाने काही होईना. ओरडत परतीची गाडी धरली.
काका फाटकातच उभे होते. त्यांनी माझे हात हौदात बुडवले. क्षणात कळ थांबली. बाटलीत तेल मागितलं, तर म्हणाले, पुरायचं नाही.

१६ ऑगस्ट
आईला फोन लावायचा होता. फोनची काच माझी बोटं ओळखतच नाही.

१८ ऑगस्ट
काकूंना त्यांच्या खुर्चीतच पेज भरवायला गेले. पदर सरकला. रेघ हनुवटीखाली. तिच्याखाली सगळं पोलाद, तेल लावून पुसलेलं. काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला भुयवर पाड गो बाय. कडक झालेलं पोलाद फुटतं. पंधरा वर्सं वाट बघतंय मी."

२१ ऑगस्ट
काका बाजारात गेले होते. पाडलं. खांद्याने ढकलून. त्या हसत होत्या —
मी तुकडे गोळा करत बसले —

२२ ऑगस्ट
काका रडले नाहीत. काकूंची खुर्ची माझ्या खोलीत आणली. खोलीभर गाद्या अंथरल्या, भिंतींनासुद्धा लावल्या. मी पडले तरी —

२६
रेघ दंडावर. उजव्या कोपरात जेमतेम —

२७?
मूठ मिटली. पेन आत अडकलंय. काका तेल घेऊन आले. मला खुर्चीत बसवताय—