धाकट्या जावेचं विणकाम

२ डिसेंबर २०२४, सोमवार

लोकर परत पिशवीत गेली! लेकीच्या, लीलाच्या स्वेटरची पाठ झालीय, पुढचा भाग अर्ध्यावर. आज चार ओळी घालाव्यात म्हणून बसले, सुई हातात धरली न धरली तोच सासूबाईंचा, आत्याबाईंचा आवाज — "रुद्राणी, भाकरीचं बघ, दुकानाचे डबे जायचेत."

आणि अर्पिता? ती ओसरीवर उन्हात. आत्याबाईंच्या बाजेला टेकून विणायलीय. तिला कुणी उठवत नाही. ती धाकटी सून, तिच्या ऑर्डरी!

विणायला शिकवलं कुणी तिला? मी! दोन वर्षांमागं पिंगळीहून लग्न होऊन आली तेव्हा टाके कसे घालायचे तेसुद्धा माहीत नव्हतं. सुलट कोणता, उलट कोणता — बोट धरून शिकवलं. आता बाळांच्या टोप्या, मोजे, कुंच्या — वैभव भावजी फोनवर फोटो टाकतात आणि पार पुण्याहून मागण्या येतात. माझ्या भाकरीचा फोटो कोण टाकतंय?

५ डिसेंबर

लय थंडी. परभणीचा पारा पेपरात आला. हिच्या दोन ऑर्डरी वाढल्या. मला वाढले ते बंबाला लाकूड घालायचे फेरे.

९ डिसेंबर

भावजींनी संभाजीनगरहून तिच्यासाठी लोकर आणली. पिस्ता रंग, मोरपिशी, पांढरीशुभ्र. हात लावला तर नुसता कापूस! मी जिंतूरच्या बाजारातली लोकर घेते, धुतली की चरचरीत होते.

वर नवीन फोन. त्यांचं मोबाइलचंच दुकान, म्हणजे काय! सगळं स्वतः भरून दिलं, पासवर्डही स्वतःच ठेवला. दुपारभर दुकानातून फोन — जेवलीस का, कुठं बसलीस, शेजारी कोण आहे. ती एका हातानं सुई सावरते, दुसऱ्या हातानं लगेच फोन उचलते.

संध्याकाळी यांना म्हटलं, बघा, भाऊ कसा विचारपूस करतो बायकोची. पंधरा वर्षांत तुम्ही कधी केलीत?

"मग खताची पोती कोण मोजायचं? मी फोन करत बसू का?"

झालं. बोलणं संपलं.

१७ डिसेंबर

बाहीच्या मुंढ्याचे टाके कमी करायला बसले आणि डाळ करपली. आत्याबाईंनी नुसतं पातेलं उचलून मोरीत ठेवलं. ते बोलण्यापेक्षा वाईट. डाळ नवीन टाकली. कुठवर आले होते ते विसरले, दोन ओळी उसवल्या.

अर्पिता उठून म्हणाली, "अक्का, मी घासू का पातेलं?" आत्याबाईंनी तिला खाली बसवलं. "तू बैस हितंच. माझ्या डोळ्यापुढं."

डोळ्यापुढं! मी कधी होते त्यांच्या डोळ्यापुढं? मी चुलीपुढं.

३० डिसेंबर

येळवस, वेळा अमावस्या. आत्याबाईंचं माहेर उदगीरकडचं, म्हणून आमच्यात हा सण जोरात असतो. सगळे शेतात गेलो. पहाटेपासून भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे — सगळं मीच. अर्पिता थोडं करू लागली, पण भावजी दर थोड्या वेळानं आत डोकावायचे.

शेतात आम्ही बाया बोरं वेचायला बांधाकडं निघालो. ती चार पावलं आली असेल नसेल तोच भावजींची हाक — "अर्पिता! हिकडं ये." गेली. पंगतीत शेजारी बसवून घेतलं. शेजारच्या केशरबाईंनी चेष्टा केली तर हसून म्हणाले, "ती दिसली न्हाई की माझं मन लागत न्हाई, मावशी."

बाया लाजून हसल्या. मी पण हसले. हे तिकडं बाभळीच्या झाडाखाली घोरत होते.

१५ जानेवारी २०२५

काल संक्रांत, आज आमच्याकडं हळदीकुंकू. अर्पितानं वाणाला क्रोशाचे बटवे केले होते. बायकांनी अक्षरशः लूट केली! रंग निवडण्यावरून भांडल्या. तिळाचे लाडू मी वळले होते, ते खाल्ले आणि हात पुसून परत बटवे.

केशरबाई मला विचारतात, "थोरलीला न्हाई का येत असलं काही?"

मी ताटातली हळद सारखी केली. अर्पिताच म्हणाली, "मावशी, अक्कांनीच शिकवलं मला." मला तेही नको होतं! उपकार केल्यासारखं.

तिचं पोलकं काय, मनगटापर्यंत बाह्यांचं. म्हटलं गरम होत नाही का ग? म्हणे फॅशन आहे. असेल. आमच्या नशिबी कसली फॅशन, पिठाचे हात.

२२ जानेवारी

हे लिहावं की नाही. लिहितेच.

लीला शाळेतून आली आणि माझ्या पिशवीतून स्वतःचा स्वेटर काढून घेऊन ओसरीवर गेली. काकूला म्हणाली, "काकू, एवढा गळा करून दे ना. आई करेपर्यंत उन्हाळा येईल."

मी दारातच होते.

अर्पितानं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "अक्काच करतील ग." तर लीला — "तिला कुठं वेळ असतो?"

वेळ नसतो! का नसतो, हे विचार ना कुणाला. स्वेटर ओढून घेतला तिच्या हातातून. एक सुई निसटली, टाके उतरले. लीला रडली. मी पोळ्या लाटल्या. पोळीगणिक एकच विचार — हिनं आधी माझी जागा घेतली, आता माझी लेक.

३० जानेवारी

संभाजीनगरला बायकांच्या वस्तूंचं प्रदर्शन आहे. तिला बोलावणं आलंय. मुक्कामी जायचं, स्टॉल मांडायचा, येणाऱ्यांना विणून दाखवायचं. सोबत आमच्याच गल्लीतल्या बचत गटाच्या बाया. तिचा चेहरा असा फुलला होता की बघवेना.

आत्याबाई लगेच, "जाऊ द्या तिला. चार दिवस हवापालट."

मी लग्न होऊन आले तेव्हा शिवणाच्या क्लासला परभणीला जाते म्हटलं होतं, तर हवापालट कुणाला सुचला नव्हता.

भावजी हसले. "बघू," म्हणाले.

१ फेब्रुवारी

जात नाही ती! भावजींनी बचत गटाच्या बाईला स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं. "तिच्याशिवाय घर खायला उठतं मला."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. दिवसभर हात हलका चालला. लीलाच्या स्वेटरचा गळा झाला. जेवताना अर्पिता खाली मान घालून भाकरी चिवडत होती, तर मनात आलं — एवढा जीव लावणारा नवरा मिळालाय आणि हिला प्रदर्शन हवंय!

६ फेब्रुवारी

जमेल तसं लिहिते.

सकाळी कचरा टाकायला परसात गेले. डब्यात पांढरी लोकर. बाहेर ओढली तर पुण्याच्या त्या बाईंच्या बाळासाठी ती विणत होती ते दुपटं. महिनाभर चाललं होतं, किनार तेवढी राहिली होती. कात्रीनं कापलेलं. सरळ, उभं, पट्ट्या पट्ट्या.

पहिल्यांदा काय वाटलं? बरं वाटलं. एक क्षणच, पण वाटलं. बिघडलं असेल, रागात हिनंच कापलं असेल — म्हणजे हिचंही बिघडतं तर!

पट्ट्या घेऊन वर तिच्या खोलीत गेले. भावजी दुकानात गेलेले. ती पलंगाच्या कडेला बसलेली.

"हे काय ग?"

"उंदरानं कुरतडलं, अक्का."

"उंदीर असं सरळ कुरतडतो?"

तिनं लोकर घ्यायला हात पुढं केला आणि मला तिचं बोट दिसलं. उजव्या हाताचं पहिलं. सुजून टम्म, काळंनिळं. मी मनगट धरलं तर ती कळवळली. बाही वर सरकवली मी. तिनं अडवलं नाही. कोपरापर्यंत डाग. काही नवे, काही पिवळे पडत आलेले.

"कधीपासून?"

"अक्का, कुणाला सांगू नका."

"काय केलंस तू असं?"

"फोन आला होता. मी उचलला न्हाई." आणि मग, जणू तिचीच चूक — "किनारीचे टाके मोजायलते. हात गुंतले होते."

मी तिच्यापाशी बसले. खालून आत्याबाईंनी हाक मारली तरी उठले नाही. पहिल्यांदाच.

७ फेब्रुवारी

यांना सांगितलं. घास हातात घेऊन ऐकलं. म्हणाले, "वैभ्या तापट आहे लहानपणापासून. पण नवरा-बायकोचं आहे. आपण मधे पडू नये."

आणि घास खाल्ला! घास कसा गेला घशाखाली?

विचारपूस म्हणत होते मी. डोहाळे लागल्यासारखी हेच मागत होते यांच्याजवळ.

९ फेब्रुवारी

दुपारी ओसरीवर बसलो. तिला बोट वाकवता येत नाही, म्हणून दुपटं मी घेतलं, नव्यानं. ती पिस्ता रंगाचा गुंडा करत होती. भाकरी टाकायला आज लीलाला बसवलं. नकाशे झाले, पण झाल्या.

भावजी अवेळी आले. दारातूनच — "अर्पिता, वर चल."

ती उठायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती न्हाई येणार. माझी लोकर गुंडाळायलीय."

"वहिनी, आमचं जरा बोलायचंय."

"हितं बोला. आमी ऐकतो."

आत्याबाई बाजेवर जप करत होत्या. डोळे मिटलेले. भावजी हसले, माझ्याकडं पाहत राहिले, आणि गाडीला किक मारून गेले.

जिंकले वाटलं!

१० फेब्रुवारी

जिंकले कसली. आज तिचा ओठ फुटलेला. मी मधे बोलले, भोगलं तिनं.

१४ फेब्रुवारी

भाजी निवडताना अर्पिता हळूच म्हणाली, "अक्का, मला लातूरला जायचंय. ताईकडं." तिची थोरली बहीण तिथं दवाखान्यात नर्स आहे, एकटी राहते. मी म्हटलं, आधी पिंगळीला आईबापाकडं जा. तर म्हणाली, "गेलते ना दिवाळीत. बाबा म्हणाले, सांभाळून घे. आणि ह्यांच्या गाडीवर बसवून दिलं."

"परत येशील?"

तिनं नुसती मान हलवली. नाही.

मेथीची जुडी हातात तशीच राहिली. दोन वर्षं ही घरातून जावी म्हणून मनात देव पाण्यात घालून बसले होते मी.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सगळे देवळात. भावजी फराळाच्या वाटपाला उभे, तिथून लवकर हलता येत नाही त्यांना. आत्याबाईही गेल्या. मी सांगितलं, मला उपासानं गरगरतंय, अर्पिता जवळ थांबेल.

रिक्षानं स्टँडवर. तोंडावरून पदर. फोन तिनं मुद्दाम घरीच उशीखाली ठेवला. हातात एकच पिशवी. कपडे थोडे, सुया सगळ्या. दुपटं पुरं झालं होतं, तेही घातलं मी. पुण्याच्या बाईंना ती तिथूनच पाठवेल. लातूरच्या बहिणीला माझ्या फोनवरून कळवलं, ती परभणीच्या स्टँडवर येऊन थांबली होती.

पाया पडायला वाकली. मी धरलं. म्हणाली, "अक्का, तुमच्याकडं बघून लय हेवा वाटायचा मला. थोरले भाऊजी तुम्हाला फोनच करत न्हाईत."

हसू आलं आणि रडूही. परभणीची गाडी लागली. चढली.

खरं लिहिते — गाडी हलली तेव्हा परत जळले मी. मांडीवर पिशवी, पुढं सगळा रस्ता, आणि भाकरीचं बघ म्हणणारं कुणी नाही. मी स्टँडवर, घरी साबुदाणा भिजलेला. रिक्षा केली, आले, चूल पेटवली.

२७ फेब्रुवारी

काल रात्रीपासून भावजींनी घर डोक्यावर घेतलं. मला विचारलं, मी म्हटलं, माहीत न्हाई, झोपले होते. पिंगळीला जातो म्हणून तणतणत गाडी घेऊन गेले.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या. परात ओढून घेतली, माझ्याऐवजी स्वतः पीठ मळायला बसल्या. वर न बघता म्हणाल्या —

"एसटीत बसायला जागा मिळाली का तिला?"