आबा, मी गाडी आडवी चालवायला शिकले

आबा, मी गाडी आडवी चालवायला शिकले. चुकून आडवी झालेली नव्हे, मुद्दाम केलेली. तोंड डोंगराकडे, ढुंगण दरीकडे, आणि तरी गाडी रस्त्यावरून पुढेच चाललेली. तुम्ही हे वाचलं असतं तर चष्मा कपाळावर सरकवून पहिलं काय विचारलं असतं ते मला माहीत आहे, "गाडीले काही झायं ते नई ना?" माझं काय झालं ते नंतर. तर गाडीला काही झालं नाही, कारण ती खरी नव्हतीच. कॉम्प्युटरवरच्या खेळातली होती. तुमच्या नातीने, जी तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात होती, तिने पुण्याहून एक स्टेअरिंग आणलं. कातडी गुंडाळलेलं, खाली तीन पायडल. ते जेवणाच्या टेबलाला आवळायचं, समोरच्या टीव्हीवर रस्ता दिसतो, आणि स्टेअरिंग हातात अशी ओढ घेतं की वाटावं, खाली खरोखर चाकं आहेत. घरी मी तुम्हाला 'तू'च म्हणायचे, पण लिहायला बसलं की मास्तरणीचा हात आपोआप 'तुम्ही'वर येतो, तेवढं चालवून घ्या.

तुमच्या ट्रॅक्टरवर मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझा पाय क्लचला पुरत नव्हता. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, मोठी हो मग बघू. तुम्ही क्लचवर लाकडाचा ठोकळा तारेने आवळून दिलात आणि माझ्या पाठीमागे गोधडीची घडी खोचलीत. पुढच्या आयुष्यात मला लोकांनी साड्या दिल्या, घड्याळ दिलं, शाळेने शाल दिली, पण त्या ठोकळ्याची सर कशालाच नाही. शेताकडे जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी शेजारचे शेतवाले काका उभे होते. ते म्हणाले, "काय भाऊ, आंडेरले ट्रॅक्टरवर बसाडं?" लेकीला बसवलं, हे त्यांना खटकलं होतं. तुम्ही मडगार्डवर बसल्या बसल्या म्हणालात, "बैल कधी इचारस का, कोन हाकी ऱ्हायनं ते? मंग ट्रॅक्टर कसाले इचारी?" मी हसताना क्लच सोडला आणि ट्रॅक्टर उडी मारून बंद पडलं, तेव्हा काकांनाही हसायला मिळालं.

आणि तो पपईचा दिवस. पाण्याचा पाइप फुटून पांदीत चिखलाचा गारा झालाय, ट्रॉली पपईने भरलीय, शहाद्याला व्यापारी वाट बघतोय. आपल्या काळ्या मातीचा गारा, तिथे माणूस उभा राहत नाही तर ट्रॉली काय राहणार. ती मागून एका अंगाला सरकायला लागते. मी घाबरून रेस देते, चाकं जागच्या जागी फिरतात, चिखल माझ्या वेणीपर्यंत उडतो, ट्रॅक्टर बसायला लागतं. तुम्ही मडगार्डवर थाड्कन थाप मारता. "पाय काढ! गारामा रेस दिधी का चाक खाले जास. जठे जानं शे तठे देख. खड्डाकडे देखशी ते खड्डामा जाशी!" इतक्या मोठ्याने तुम्ही माझ्यावर त्याआधी कधी ओरडला नव्हतात. मी पाय काढला, नजर बांधाच्या निंबावर लावली, आणि ट्रॅक्टर आपल्या अंगच्या ताकदीने हळूहळू बाहेर आलं. एकाही पपईला डाग लागला नाही. घरी आल्यावर माझ्याशी बोलला नाहीत. माय भाकरी थापत होती, तिला म्हणालात, "पोरना हात चांगला शे." मी तिथेच ठेचा वाटत बसले होते. मिरची जास्त झाली, तरी सगळ्यांनी तो संपवला.

लग्नानंतर मी शहाद्यात मास्तरीण झाले, स्कूटीवर शाळेत जाऊ लागले, आणि ट्रॅक्टर मागे राहिलं. त्यात कुणाचा दोष नाही. पण पोरीने 'बस एकदा' म्हणून मला टेबलाशी बसवलं, स्टेअरिंगने हाताला हिसका दिला आणि मी मोठ्याने हसले. तिने मला आधी एका ओल्या मोकळ्या मैदानावर सोडलं. मधोमध एक लाल शंकू, त्याच्याभोवती गाडी घसरवत फेऱ्या मारायच्या. रेस देऊन मागची चाकं सुटू द्यायची, ती सुटली की स्टेअरिंग उलटीकडे फिरवायचं, आणि तसंच तोलून धरायचं. पोर बघतच राहिली. "मम्मी, तू अंगठे बाहेर का ठेवतेस?" म्हटलं, आत ठेवले तर मोडतात. ट्रॅक्टरचं पुढचं चाक दगडाला लागलं की स्टेअरिंग कसं उलटं फिरतं, हे तिला सांगावं लागलं. हात तुमचे होते, नजर तुमची होती. घात करत होता तो पाय.

मग तिने मला खेळातल्या घाटात आणलं. तिथे गाडी छान आडवी व्हायची, मागून धूर निघायचा, सगळं जुळून यायचं, आणि नेमका तेव्हाच माझा पाय उचलला जायचा. काळ्या मातीत वाढलेला पाय, घसरलं की उठतो. इथे डांबर. इथे रेस सोडली की घसरणारी चाकं एकदम रस्ता पकडतात आणि गाडी उलट बाजूला फेकली जाते, थेट भिंतीत. "मम्मी, पाय नको काढू!" "मी कुठं काढला?" "काढलास!" खरंच काढलेला असायचा. तुमचे जावई सोफ्यावरून वेगळंच ओरडायचे, "ब्रेक दाब, ब्रेक!" आणि स्वतःच्या पायाने फरशी दाबायचे. जन्मात सायकलीपुढे काही चालवलं नाही या माणसाने.

मग पोरीला पुण्याच्या ऑफिसने परत बोलावलं. सोमवारी निघायचं होतं. ती कपाटावरून स्टेअरिंगचं खोकं काढत होती आणि मी भाजी निवडत त्या खोक्याकडे बघत होते. तिच्या लक्षात आलं असावं. म्हणाली, "एकदा पूर्ण घाट उतर. भिंतीला न लागता, प्रत्येक वळण आडवं. जमलं तर स्टेअरिंग तुझं. नाही जमलं तर खोक्यात." मी म्हटलं, मला काय करायचंय ते, या वयात. पण आबा, मला ते हवं होतं. पोळ्या लाटताना मनात वळणं घेत होते, इतकं हवं होतं. शाळेत मी कामाची आहे, घरात तर आहेच आहे, पण ते स्टेअरिंग हातात आलं की मी मला आवडते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागलं की हसू येतं.

रविवारी शेवभाजी खाऊन हे सोफ्यावर लवंडले आणि मी बसले. पायडल फरशीवर सरकत होते, म्हणून खाली गोणपाट दुमडून घातलं. चपला काढल्या. खेळातला घाट आपल्या तोरणमाळच्या घाटाच्या वळणाचाच आहे, एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला नुसती हवा. आपण एस.टी.ने तोरणमाळला गेलो होतो तेव्हा तुम्ही ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभे होतात आणि प्रत्येक वळणाला त्याच्या आधी तुमचा हात फिरत होता. मी दोनदा पहिल्याच वळणावर आपटले. एकदा मधे. एकदा अगदी खाली येऊन, तेव्हा पोर केस ओढत किंचाळली. मग चहा झाला. मग पुन्हा.

या खेपेला सगळं लागत गेलं. एका वळणातून दुसऱ्यात, गाडी डावीकडून उजवीकडे झुलत चाललेली. शेवटचं वळण पार दुमडून परत येतं. गाडी आडवी झाली, मागचा भाग भिंतीकडे निघाला, आणि मला तुमची थाप ऐकू आली. पाय काढ! इतकं स्पष्ट, की टाच उचललीही गेली. आणि मी मोठ्याने म्हटलं, "नई काढसू, आबा!"

पाय दाबून धरला. भिंत खिडकीच्या अगदी जवळून गेली, बोटभरच राहिली असेल, आणि गाडी वळणातून तशीच आडवी बाहेर आली, सरळ झाली, पायथ्याला लागली. पोर उड्या मारत माझ्या गळ्यात पडली. हे दचकून उठून बसले, "कोनले बोली ऱ्हायनी वं?" आणि उत्तराची वाट न बघता टाळ्या वाजवायला लागले. मी रडत होते की हसत होते कुणास ठाऊक, पण त्या दिवशी आमच्या घरात सणासारखा शिरा झाला आणि शेजारच्यांना वाटीभर दिला. कशाबद्दल ते त्यांना अजून नीट समजलेलं नाही.

स्टेअरिंग इथेच आहे. आता आम्ही जेवायला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मलाही कळतं, वाचून झालं की वर्गाच्या उत्तरपत्रिकांखाली ठेवीन. तुमचं म्हणणं मी खोटं पाडलं असं समजू नका, आपल्या पांदीत ते आजही खरं आहे. फक्त एक कबूल करते. त्या दिवशी तुम्ही खरोखर बाजूच्या खुर्चीवर बसलेले असतात आणि एकदाच 'पाय काढ' म्हणाला असतात ना, तर मी पाय काढला असता. स्टेअरिंग पुण्याला गेलं असतं. आणि मला चाललं असतं.