सेंदाईतलं शिवणाचं टेबल

आई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मान अवघडली की अजून तुमच्याशी भांडावंसं वाटतं. नव्वदच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात तुम्ही तीन महिन्यांसाठी जपानला, सेंदाईला आमच्याकडे आलात, तेव्हा तुमच्या एकाही शब्दावर माझा विश्वास नव्हता. जन्मभर सांगलीत शिवणक्लास चालवलेली, थंडीचा तिटकारा असलेली सासू बर्फात कशाला येईल? तुमचा मुलगा दिवसभर विद्यापीठात असायचा आणि मी घरी बालवाडीच्या पिशव्या शिवायचे. तिथे मुलाच्या पिशव्या आईनंच शिवायच्या, शाळेनं दिलेल्या मापात. ज्यांना जमायचं नाही त्या बायका माझ्याकडे यायच्या. मशीन बुटक्या जेवणाच्या टेबलावर, मी खाली मांडी घालून, आणि पायाचं पेडल गुडघ्यानं दाबायचं. तुम्ही कोपऱ्यात बसून माझ्या पाठीकडे बघत राहायचात. मी आंघोळीला गेले की मायलेकांची कुजबुज सुरू, बाहेर आले की बंद.

एकदा मी शिवत असताना तुम्ही टेप लावून बैठकीपासून कोपरापर्यंत माझं माप घेतलंत. "हे कशाला?" मी विचारलं. "असू दे," म्हणालात. असं कोण म्हणतं? काहीतरी लपवणारं माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घरात नाही. धावत खाली येते तर मोठा कचरा ठेवायच्या जागी तुम्ही, साडीवर ह्यांचं जाकीट घालून, लोकांनी टाकलेल्या खुर्च्यांवर एकेक करून बसून बघताय. शेजारीण थबकून उभी. मी शरमेनं अर्धी झाले.

"आई, वर चला."

"ही धर. हिच्यावर पाय जमिनीला टेकतात. आणि ते शाळेचं टेबल बघ, तुझ्या कोपराला बरोबर येतं."

दोघींनी ते वर चढवलं. जमिनीवरच्या जाड, मऊ चटईत रुतू नये म्हणून खाली फळी घातलीत, दिवा डावीकडे लावलात आणि इस्त्री मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलीत. "इतकी लांब?" "त्या निमित्तानं उठशील तरी." तेव्हा मी विचारलंच, खरं सांगा, का आलात? टेबलाचा स्क्रू पिळता पिळता तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुला परत न्यायला. त्यानंच बोलावलं. म्हणाला, पाठ मोडून घेतेय, ऐकत नाही. पण तू यायची नाहीस, हे मला दोन दिवसांत कळलं. मग निदान नीट बस."

माझा संशय खरा निघाला आणि तरी हरल्यासारखं वाटलं. ह्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्या टेबलावर मात्र रोज बसले. आखडलेली पाठ महिन्याभरात मोकळी झाली, हे तुम्हाला सांगितलं नाही.

हे पत्र टाकायचं नाहीच आहे, म्हणून एक कबूल करते. मामंजींना लिहिलेलं पाकीट तुम्ही मला पोस्टात टाकायला दिलंत, ते मी किटलीच्या वाफेवर उघडलं होतं. क्लासातली टेबलं उंच करून घ्या, इतकी वर्षं पोरींना वाकवलं, एवढंच त्यात होतं. मी कागद उलटून पाहिला. माझ्याबद्दल एक अक्षरही नव्हतं, आणि मला त्याचाच राग आला.