चेंबर तीनला लागून

३ नोव्हेंबर, सोमवार

अखेर स्वतःचं घर! म्हणजे कंपनीचं, पण किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. दोन खोल्या, मोरी, आणि पुढच्या खोलीची खिडकी एवढी मोठी की बाबा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले ते जेवायलाच उठले. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस. समोर काच असली की त्यांना दुसरं काही लागत नाही.

क्वार्टर सफरचंदांच्या कोल्ड स्टोरेजला चिकटून आहे. कामावर जायला चाळीस पावलं, मोजली. स्टोरेजमध्ये चार हवाबंद चेंबर आहेत. फळं महिनोन्‌महिने ताजी राहावीत म्हणून आतला प्राणवायू काढून नायट्रोजन भरतात. मशीनवाले काका म्हणाले, आपण फळांना झोपवून ठेवतो, एवढंच. प्राणवायू शंभरात दोन हवा. मी दर दोन तासांनी आकडा बघायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा, आणि वाढला तर काकांना सांगायचा. दहावीपासून ऐकत आले की माझं अक्षर मोत्यासारखं आहे. आता त्याचा पगार मिळणार.

मागच्या खोलीला खिडकी नाही, ती चेंबर तीनच्या भिंतीला लागून आहे. पण शांत, म्हणून बाबांना दिली. पाठीमुळे ते जमिनीवरच गादी घालतात. निघताना दादाने त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधलं. घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच अडकतो, म्हणून डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलंय. घड्याळ रक्तातला प्राणवायू मोजतं, आकडा त्याच्या काचेवर दिसतो, आणि झोपेतला आकडा सकाळी माझ्या फोनवर येतो. वहिनीने बजावलंय, पंच्याण्णवच्या वर असला तर निर्धास्त राहा, नव्वदच्या खाली गेला तर दवाखाना गाठा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस ९६, ९५, ९६, ९५. बाबा म्हणतात, शाळेत एवढे मार्क कधी पडले नव्हते.

आज चेंबर तीनचा आकडा दोनवरून अडीचवर गेलेला दिसला. धावत जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी नायट्रोजन वाढवला, संध्याकाळी पुन्हा दोन. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, अशी डोळस माणसं हवीत. दादाला फोनवर हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो हसायला लागला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल ९१. आज ८८.

बाबांचं डोकं जड आहे. अर्धी रजा काढून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे बोटाला चिमटा लावला तर ९७! डॉक्टर म्हणाले, घड्याळावर फार विसंबू नका, पट्टा घट्ट बांधा. बाबा रस्ताभर मला चिडवत होते. घरी येऊन पट्टा एक घर आवळला.

चेंबर तीन पुन्हा चढलं होतं. आल्या आल्या काकांना सांगितलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

८५.

पट्टा घट्ट आहे. मी स्वतः बांधला.

बाबांनी सकाळी मला आईच्या नावाने हाक मारली. चुकून म्हटलं असेल. पण मग विचारलं, मुलगी शाळेतून आली का. मी म्हटलं, बाबा, मीच ती. ते एवढे ओशाळले की मलाच बाहेर जावं लागलं. दहा वाजेपर्यंत खिडकीशी बसले आणि पुन्हा माझे बाबा झाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

झाडूवाल्या मावशीने आज हातातलं काम थांबवून विचारलं, म्हातारे मागच्या खोलीत झोपतात का गं? आमच्या आधी तिथे खोकी ठोकणारा कारागीर राहायचा. चाळिशीचा, धडधाकट. त्याचंही डोकं दुखायचं. एका सकाळी उठलाच नाही. मॅनेजर म्हणाले हृदय बंद पडलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली.

दुपारी सुट्टी होती. घड्याळ माझ्या हाताला बांधलं आणि बाबांच्या गादीवर पडले. गुदमरणं नाही, धाप नाही. उलट कसं हलकं, छान वाटत होतं. दोन तासांनी आकडा पाहिला.

८६.

मला कुठलाही आजार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

रजिस्टर आणि फोन शेजारी ठेवून बघितले. चेंबर तीन ज्या दिवशी चढलं, त्या दिवशी मी काकांना सांगितलं, काकांनी नायट्रोजन वाढवला, आणि त्या रात्री बाबा उतरले. प्रत्येक वेळी. एकही दिवस सुटलेला नाही.

भिंत कुठेतरी फुटली आहे. आमची हवा तिकडे जाते म्हणून त्यांचा आकडा चढतो. मग ते जोर लावून नायट्रोजन भरतात, तो आमच्याकडे येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि गार असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो. गादीजवळ जमिनीलगत काडी पेटवली. विझली. दुसरीही विझली.

मी दर दोन तासांनी, मोत्यासारख्या अक्षरात, माझ्या बापाचा श्वास काढून घ्यायला सांगत होते.

गादी पुढच्या खोलीत आणली. मागचं दार ओढून घेतलं. मॅनेजरच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका घड्याळापायी मी अख्खं चेंबर उघडू?" उघडलं की माल गेला, हंगाम संपेपर्यंत थांबा. दादाला फोन केला, तो गावाला गेलाय, मंगळवारी दुपारी गाडी घेऊन येईल. लॉजमध्ये चला म्हटलं तर बाबांनी खिडकीचा गज धरून ठेवला. त्यांना आपण कुठे आहोत हेच कळत नाहीये.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज खोटे आकडे लिहिले. चेंबर तीन: दोन, दोन, दोन. खरा आकडा चारच्या वर होता. म्हणून काकांनी मशीन वाढवलं नाही. बाबा ९३.

संध्याकाळी मॅनेजरनी स्वतः तपासलं. रजिस्टर काढून घेतलं. उद्या खोली रिकामी करा म्हणाले. मशीन पूर्ण जोरात लावायला सांगितलं. मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले. ते पाय मागे घेऊन निघून गेले.

काकांना म्हटलं, रात्रीपुरतं तरी कमी ठेवा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, नोकरी माझीही आहे पोरी.

रात्रभर खिडकी उघडी ठेवून बाबांजवळ बसणार. ही वही आता ॲप्रनच्या खिशातच ठेवते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सामान बांधलं. दादा निघालाय. तीनपर्यंत पोचेल.

बाबा सारखे मागच्या दाराकडे बघतात. म्हणतात, तिथे डोकं शांत होतं. मला माहीत आहे ते कसलं शांत.

ऑफिसात सही करायला बोलावलंय. मावशीला बाबांजवळ बसवून जाते. दहा मिनिटं.

दुपार

मावशी पाणी आणायला उठली तेवढ्यात — बाबा मागच्या खोलीत, आतून कडी. दार फोडलं. गादी इकडे, बाबा तिकडे, नुसत्या फरशीवर. ओठ निळे.

मशीन बंद करायला मावशी मशीनघराकडे धावलीय. ते आवाराच्या टोकाला आहे. दादा फोनवर म्हणाला वीस मिनिटं.

हात धरून ओढलं. दारापर्यंत आले. उंबऱ्यात अडकलेत. पुढे जाऊन श्वास घेते, परत येते. तीनदा झालं. ओढून जमत नाही. आतून ढकलावं लागेल.

त्यांच्या अंगावरून आत आलेय. पाठ चेंबरच्या भिंतीला. पाय त्यांच्या कमरेला. शुद्ध राहावी म्हणून मध्ये मध्ये लिहितेय — शुद्ध जातेय ते अक्षर बघून कळतं.

घड्याळात ६९.

मशीन अजून चालूच आहे. ऐकू येतंय पाठीला.

ढकललं. थोडे सरकले. मध्ये काय झालं आठवत नाही — पेन खाली पडलं होतं.

छान वाटायला लागलंय. नको. नको वाटायला.

दादा आलास तर आधी बाबांना, खिडकीकडे — मशीन बंद —

डोकं बाहेर गेलं त्यांचं. खिडकीचं वारं केसांवर. हात माझ्याकडे आहे. घड्याळ दिसतंय.

७४

७९

वाढतोय. बाबांचा वाढतोय. आता ते दारातून सरकले की मग मी